नवेगावचा बांध आणि त्याच्या भोवतालची गावे
(भूगोल अभ्यासलेख – इयत्ता सातवी)



भंडारा म्हटलं की तीन गोष्टी डोळ्यांसमोर येतात : वैनगंगा, धान आणि तलाव. जुनी माणसं आपल्या जिल्ह्याला 'तलावांचा जिल्हा' म्हणत आली. हे नाव उगीच पडलेलं नाही. आपल्याकडे गाव तेथे बोडी आणि दोन-चार गावं ओलांडली की तलाव असतोच. या सगळ्या तलावांत थोरला मान नवेगावच्या बांधाचा. त्याची माहिती या लेखात दिली आहे. ती वाचताना आपल्या गावचा तलावही डोळ्यांपुढे ठेवा, कारण लेखाच्या शेवटी त्याच्याशी आपल्याला काम आहे.

स्थान

नकाशात २१ अंश उत्तर अक्षवृत्त शोधा. त्याच्या जरा खाली आणि ८० अंश पूर्व रेखावृत्ताच्या जरा उजवीकडे बोट ठेवा. तेथेच नवेगावबांध आहे. पूर्वी तो आपल्याच भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गोंदिया हा नवा जिल्हा निर्माण झाला. तेव्हापासून नवेगावबांध गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात मोडतो. भंडारा जिल्ह्यात आता सात तालुके राहिले : भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर. जिल्ह्याची रेघ कागदावर ओढली गेली, पण पाण्याला, पाखरांना आणि सोयरिकीला रेघ कुठं कळते ? साकोली-लाखांदूरकडच्या लोकांना नवेगाव आजही आपलंच वाटतं.

तेथे जायचं कसं ? भंडाऱ्याहून मुंबई–कोलकाता राष्ट्रीय महामार्गाने पूर्वेकडे निघायचं. या रस्त्याचा क्रमांक पूर्वी ६ होता, आता तो ५३ झाला आहे. लाखनी लागते, मग साकोली लागते. पुढे कोहमारा येथे महामार्ग सोडून उजव्या हाताला, म्हणजे दक्षिणेला वळायचं. तो रस्ता नवेगावबांधला पोचतो आणि तसाच पुढे अर्जुनी मोरगावकडे जातो. रेल्वेने जायचं असेल तर गोंदिया–चंद्रपूर मार्गावर देऊळगाव हे जवळचं स्टेशन आहे. या मार्गावर पूर्वी अरुंद रुळांची छोटी गाडी धावायची. आता तेथे रुंद रूळ झाले आहेत.

तलावाची रचना

नवेगावचा तलाव निसर्गाने केलेला नाही, तो माणसांनी बांधला आहे. म्हणूनच त्याला 'बांध' म्हणतात. तलावाभोवती डोंगर आहेत. पावसाचं पाणी या डोंगरांवरून उतरतं आणि टेकड्यांमधल्या खिंडींतून खाली वाहून जातं. बांधणाऱ्यांनी नेमकं हे हेरलं आणि त्या खिंडी मातीच्या पाळीने बंद केल्या. दोन बाजूंना टेकडी असली की पाळ थोडीच घालावी लागते आणि पाणी मात्र पुष्कळ अडतं. मोकळ्या मैदानात एवढाच तलाव करायचा झाला तर कितीतरी पट माती वाहावी लागली असती. हीच त्यांची हुशारी.

तलावाचं क्षेत्र सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. इंग्रजांच्या काळातल्या नोंदींत त्याचा घेर १७ मैल दिला आहे, म्हणजे २७ किलोमीटरांहून जास्त. सकाळी चालायला लागलेला माणूस संध्याकाळी फेरी पुरी करील, तोही न थांबता चालला तर !

गोडे पाणी आणि खारे पाणी

आपल्या महाराष्ट्रात बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे. त्याचं पाणी खारट आहे. नवेगावचं पाणी मात्र गोडं आहे. असं का ? विचार करा. पावसाचं पाणी जमिनीवरून वाहताना मातीतले क्षार थोडे थोडे बरोबर आणतं. लोणारच्या खळग्यात आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते, क्षार मात्र तेथेच राहतात आणि वर्षानुवर्षं साचत जातात. नवेगावच्या पाण्याला वाट आहे. शेतीसाठी ते पाटाने बाहेर पडतं, तलाव भरला की जास्तीचं पाणी सांडव्यावरून निघून जातं. ते नाल्या-नद्यांतून शेवटी वैनगंगेला मिळतं. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे नवेगावच्या सांडव्यावरून उडी मारलेला थेंब थेट समुद्र गाठतो. येणं आणि जाणं चालू आहे म्हणून तलाव गोडा आहे.

तलाव का बांधले ?

आपल्याकडे वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या मुलांना हा आकडा सांगितला तर ती म्हणतील, "मग तुम्हाला कशाची चिंता ?" पण चिंता आहे. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. शिवाय आपल्या पूर्वेकडच्या भागात जमिनीखाली फार जुना, कठीण खडक आहे. भूगर्भशास्त्रज्ञांनी या खडकांच्या एका मालिकेला 'साकोली' हेच नाव दिलं आहे ! असा खडक पाणी फारसं पोटात घेत नाही. पडलेला पाऊस उतारावरून धावतो आणि नदीला जाऊन मिळतो.

आता धानाचं वेळापत्रक पाहू. जूनमध्ये पऱ्हे टाकतात. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी होते. सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये धान निसवतं, लोंबीत दाणा भरू लागतो. याच वेळी हस्ताचा पाऊस दगा देतो. बांधीला भेगा पडतात आणि हिरवंगार धान डोळ्यांदेखत पांढरं पडतं. तीन महिन्यांची मेहनत पंधरा दिवसांत जाते. अशा वेळी तलावाचं एक पाणी मिळालं तर पीक हाती लागतं. 'एक पाणी हुकलं' हे शब्द आपण घरी कितीदा तरी ऐकले आहेत. ते एक पाणी सांभाळून ठेवण्यासाठीच पूर्वजांनी हे तलाव बांधले.

थोडे गणित

तलावाच्या पृष्ठभागावरचा फक्त १ सेंटीमीटर जाडीचा थर घेऊ. त्यात पाणी किती ?
११ चौरस किलोमीटर म्हणजे १ कोटी १० लाख चौरस मीटर.
त्याला ०.०१ मीटरने गुणले : १ लाख १० हजार घनमीटर.
१ घनमीटर म्हणजे १००० लिटर. म्हणून एकूण ११ कोटी लिटर !

आता १ एकर बांधीत ५ सेंटीमीटर पाणी उभं करायला किती लागेल ? १ एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. गुणाकार केला की साधारण २ लाख लिटर येतात. म्हणजे तलावाचा एक सेंटीमीटर थर सुमारे ५५० एकर धानाला एक पाणी देऊ शकतो. पाटात मुरणारं पाणी यात धरलेलं नाही. उन्हाने एक सेंटीमीटर पाणी आटलं तर तेवढंच पाणी हवेतही जातं, हेही ध्यानात ठेवा.

बांधला कोणी ?

नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. तेव्हा या मुलखात गोंड राजांचा अंमल होता. कोहळी लोकांना गोंड राजाने काशीकडून आणलं, अशी एक जुनी कथा आहे. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनीत हक्क मिळे. म्हणून कोहळ्यांनी ठिकठिकाणी तलाव बांधले, धान आणि ऊस पिकवला. त्यांच्यासाठी उतार पाहायला दुर्बीण नव्हती, नकाशा नव्हता. पाऊस पडत असताना पाणी कुठून कुठं जातं ते डोळ्यांनी पाहायचं आणि त्यावर अंदाज बांधायचा, अशी ती विद्या होती.

तलावाभोवतीच्या टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात. या सात देवींनी कोलू पाटलांना बांध घालायला मदत केली, अशी लोकांची श्रद्धा. पुढे लोकांनी कोलू पाटलांनाही देवपण दिलं. 'कोलासूर देव' या नावाने त्यांचं ठाणं तेथे आहे. लढाई जिंकणाऱ्याचे पुतळे पुष्कळ ठिकाणी असतात, पण तलाव बांधणाऱ्याला देव मानणारे लोक थोडेच. यावरून आपल्या भागात पाण्याची किंमत काय होती ते समजतं.

माती वाहणारे हात मात्र शेकडो होते. त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. पाळ आजही उभी आहे, हीच त्यांची सही.

भोवतालची गावे

नवेगावबांध – तलावाच्या नावानेच ओळखलं जाणारं गाव. राष्ट्रीय उद्यानामुळे बाहेरगावचे लोक येथे येतात.

अर्जुनी मोरगाव – तालुक्याचं ठिकाण आणि रेल्वे स्टेशन. आसपासच्या गावांचं धान येथील बाजारात येतं.

सडक अर्जुनी – हीसुद्धा तालुक्याची जागा, पण ही अर्जुनी वेगळी बरं का ! महामार्गाच्या सडकेवर आहे म्हणून ती सडक अर्जुनी. दुसरी मोरगावला लागून आहे म्हणून अर्जुनी मोरगाव. पत्र पाठवताना घोटाळा करू नका.

कोहमारा – महामार्गावरचा फाटा. येथे चारी दिशांच्या एस.टी. गाड्या भेटतात.

गोठणगाव – याच्याजवळ गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. ते १९७० साली पूर्ण झालं. त्याच्या कालव्याचं पाणी आपल्या लाखांदूर तालुक्यातल्या शेतांनाही मिळतं. या भागात १९७२ साली तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. आपला देश सोडून आलेली ही माणसं हिमालयापलीकडच्या थंडीतून झाडीच्या उन्हात आली आणि येथे रुजली. वसाहतीचं नाव नॉरग्येलिंग.

प्रतापगड – गोठणगावजवळचा डोंगरी किल्ला. येथे महाशिवरात्रीला महादेवाची मोठी यात्रा भरते आणि येथेच दर्गाही आहे. दोन्ही ठिकाणी दोन्ही धर्मांची माणसं जातात.

साकोली – आपल्या जिल्ह्यातील तालुक्याचं ठिकाण. महामार्गावर असल्याने नवेगावकडे जाणाऱ्यांचा हा मोठा थांबा. शिवनीबांध हा मोठा तलाव साकोली तालुक्यातच आहे. सिरेगावबांध हा तिसरा मोठा बांध अर्जुनीकडे आहे. नवेगाव, शिवनी, सिरेगाव ही तिन्ही नावं 'बांध' लावूनच घेतात, हे लक्षात आलं का ?

या सगळ्या मुलखाला 'झाडीपट्टी' म्हणतात. दिवाळी झाली, धान कापणीला आलं की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार नाहीतर नाटक. पीक चांगलं तर मंडई जोरात, पीक बुडालं तर मंडईही सुनी. म्हणजे तलावाचा आणि नाटकाचाही संबंध आहे !

वन आणि पाखरे

तलावाभोवतीचं जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे १३४ चौरस किलोमीटर आहे. साकोलीच्या उत्तरेकडचं नागझिरा अभयारण्य त्याआधी १९७० साली झालं होतं. २०१३ साली नवेगाव आणि नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ, बिबट, अस्वल, रानगवा, सांबर, चितळ ही जनावरं येथे आहेत.

हिवाळ्यात तलावावर उत्तरेकडून बदकांचे थवे येतात आणि उन्हं तापू लागली की परत जातात. सारस हा माणसाएवढा उंच पक्षी. तो धानाच्या बांधीत घरटं करतो. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि थोडे त्याच्या शेजारी उरले आहेत. तलाव आणि धान दोन्ही असतील तरच सारस राहील. बांधीत सारसाची अंडी दिसली तर त्यांना हात लावू नये.

वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधला पुष्कळ वर्षं काढली आणि येथल्या पाखरांवर, झाडांवर, माणसांवर मराठीत लिहिलं. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते वारले. त्यांच्या लेखनात येथल्या ढिवरांचं ज्ञानही आहे. ढिवर बांधव तलावात मासे धरतात. मरळ कुठं बसते, कोणत्या पाण्यात वाम सापडते, कमळाच्या बेटाखाली काय असतं, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. शिंगाडा, कमळकंद आणि देवधानही तलावच देतो. तलाव म्हणजे केवळ शेतीचं पाणी नव्हे, पुष्कळ घरांची चूल त्यावर पेटते.

मामा तलाव म्हणजे काय ?

तुमच्या गावच्या तलावाला कागदोपत्री 'मामा तलाव' म्हटलेलं असेल. येथे आईच्या भावाचा संबंध नाही ! 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी. इंग्रजी अमलात गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजाराकडे तलावाची मालकी असे. पाळ फुटली की तो गावाला बोलवी आणि सगळा गाव माती टाकायला जाई. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. जुलूम करणारा मालक गेला हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर पाळीवर माती टाकायला जायची गावाची सवयही हळूहळू गेली. "तलाव सरकारचा, सरकार पाहील," असं लोक म्हणू लागले. आज लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे आहेत.

मधल्या काळात तलावांत गाळ भरला. काठाला बेशरम वाढली. उथळ झालेल्या कडांवर कोणी बांध्या पाडल्या. २०१७ साली सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली. तलावातला गाळ काढायचा आणि शेतात टाकायचा, म्हणजे तलाव खोल होतो आणि शेतालाही खत मिळतं. ही गोष्ट आपल्या आज्यांना नवी नव्हती. उन्हाळ्यात बंडीने गाळ वाहून शेतात टाकण्याची रीत जुनीच आहे.

नवा मोठा जलाशय

आपल्या जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर गोसेखुर्द धरण आहे. १९८८ साली त्याची कोनशिला बसली. त्याचं पाणी नवेगावपेक्षा कितीतरी पट मोठं आहे आणि ते तीन जिल्ह्यांच्या शेतीसाठी आहे. पण या पाण्याखाली अनेक गावं गेली. त्या गावच्या लोकांना घरं, शेतं, देवळं सोडून नव्या जागी जावं लागलं. शिवाय नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच जलाशयात येतं. गोडं पाणी गोडं ठेवणं हेही काम आहे, हे त्यावरून शिकायचं.

आता आपला तलाव

आणखी एक गणित सोडवू. समजा, आपल्या गावचा तलाव १० एकरांचा आहे आणि त्यात एक वीत, म्हणजे सुमारे २० सेंटीमीटर गाळ साचला. तेवढी पाण्याची जागा गेली. एका एकराला एका वेळी ५ सेंटीमीटर पाणी लागतं. मग १० एकरांवरच्या २० सेंटीमीटर पाण्यात किती एकर भिजतील ? उत्तर : ४० एकर. म्हणजे एक वीत गाळ चाळीस एकरांचं एक पाणी खातो. तेच ते पाणी, हस्त हुकल्यावर लागणारं ! दहा-बारा घरांचं धान त्या एका वितीवर अवलंबून असतं.

'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ती हसून म्हटली जाते, राखणदारच आधी पितो अशा अर्थाने. पण आपल्यासाठी तिचा सरळ अर्थच खरा आहे. राखलं नाही तर चाखायला उरणार नाही. नवेगावचा बांध तीनशे वर्षं टिकला तो एकदा बांधला म्हणून नव्हे. पाळीला पडलेलं प्रत्येक भोक कोणीतरी वेळेवर बुजवलं, म्हणून तो टिकला.

पालकहो, उन्हाळ्यात तलाव उतरला की एक दिवस पाळीवरून फिरून या. सोबत आम्हालाही न्या. पाळीत कुठं उंदरांची बिळं आहेत, तुडूम नीट उघडतं-मिटतं का, सांडव्यात झुडपं वाढली का, हे पाहू. जे हाताने होईल ते करू. जे होणार नाही ते ग्रामसभेत लिहून देऊ. पावसाळा लागल्यावर पाहून उपयोग नाही.

सांगा पाहू

१. नवेगावबांध भंडारा जिल्ह्यातून केव्हा वेगळा झाला ?
२. लोणारचं पाणी खारं आणि नवेगावचं गोडं, असं का ?
३. टेकड्यांच्या खिंडीत पाळ घालण्याचा फायदा कोणता ?
४. 'मामा' तलाव म्हणजे काय ?

करून पाहा

१. आपल्या तलावाच्या पाळीची लांबी पावलांनी मोजा आणि वर्गात लिहून आणा.
२. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारा : "तुमच्या लहानपणी तलावाचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत राहायचं ?" उत्तर वहीत लिहा. पुढच्या अंकात सगळ्यांची उत्तरं एकत्र मांडू.
३. येत्या पोळ्याच्या दिवशी पाण्याची पातळी एका दगडावर खूण करून ठेवा. दिवाळीला आणि होळीला पुन्हा पाहा. पाणी किती उतरलं ते मोजा. दरवर्षी मोजत गेलो तर पाच वर्षांनी आपल्या तलावाचा भूगोल आपण स्वतः लिहिलेला असेल.